‘येतो’चे शुद्धिपत्रक

मुळशी तालुक्यात ‘संपर्क’ या शब्दाचा एकच अर्थ आहे आणि तो म्हणजे मोबाइलची रेंज, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर मी कॉलेजच्या फलकावर ‘व्यावसायिक संपर्क कौशल्य वर्ग. मार्गदर्शक : श्री. प्रमोद भालेराव’ असं झोकदार अक्षरात लिहून लावलं नसतं. पहिल्या दिवशी वर्ग गच्च भरला. खिडकीतही माणसं उभी होती. मी मनात म्हटलं, बघा, गुणाला आजही किंमत आहे. मी घसा साफ केला, तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मिशीवाले गृहस्थ उठले.

‘‘सायेब, आमच्या वाडीत टावर कदी हुबा करताय?’’

मी टॉवरवाला नाही हे समजावून सांगायला अर्धा तास गेला. गर्दी हळूहळू पांगली. जाताना एका आजीनं ‘‘मग इतका येळ कशापाई बोलत हुता?’’ असं विचारलं. वर्गात सहा विद्यार्थी उरले. त्यातला तानाजी तर झोप लागली होती म्हणून उरला होता.

आता हा उद्योग मी अंगावर का घेतला, ते थोडक्यात सांगतो. मी एका सरकारी खात्यात तेहतीस वर्षं पत्रव्यवहार सांभाळला. खात्याचं नाव सांगत नाही, पेन्शन चालू आहे. निवृत्त होऊन नांद्याच्या सोसायटीत राहायला आलो आणि हाताला कागद मिळेनासा झाला, तेव्हा मी घरातल्या कागदांकडे वळलो. वाणसामानाच्या यादीवर मी ‘मागील महिन्यातही एवढेच पोहे मागविल्याचे दिसते. खुलासा व्हावा’ असा शेरा मारला आणि खाली सही केली. माझ्या पत्नीनं, वृषालीनं, खुलासा केला नाही. तिनं माझ्या चपला आणून माझ्यासमोर ठेवल्या.

‘‘अहो, बाहेर जाऊन कोणाला तरी शिकवा. जगाला तुमची गरज आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मला नाही.’’

ही बातमी सोसायटीच्या लिफ्टमधून वर गेली आणि चौथ्या मजल्यावरचा अनिकेत सल्ला द्यायला खाली आला. हा हिंजवडीत कसल्याशा कंपनीत आहे. नेमकं काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. ‘‘काका, बेसिकली इंटरव्ह्यूमध्ये एंट्री आणि एक्झिट एवढंच लक्षात राहतं,’’ तो म्हणाला. ‘‘मधलं कोणी ऐकत नाही. तुम्ही एक्झिटवर फोकस करा.’’ हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. पुढचा सगळा अनर्थ त्या वाक्यातून झाला, त्यामुळे वही पुरावा म्हणून जपून ठेवली आहे.

कॉलेजात शिरणं मात्र सोपं नव्हतं. फुकट शिकवतो म्हटलं तरी अर्ज लागतो, आणि अर्ज घेणारा क्लार्क वाल्मीक हा त्या खुर्चीवर बसण्यासाठीच जन्माला आला होता. पहिला अर्ज त्यानं ‘विषय लिहिलेला नाही’ म्हणून परत केला. दुसऱ्यात विषय होता, पण संदर्भ नव्हता.

‘‘संदर्भ कशाचा देऊ?’’ मी विचारलं.

‘‘तुमच्या मागच्या पत्राचा.’’

‘‘ते तर तुम्हीच परत केलंत.’’

‘‘मग परत केल्याचाच द्या की.’’

टेबलाच्या अलीकडच्या बाजूला मी आयुष्यात प्रथमच उभा होतो. तिसऱ्या अर्जाच्या समासात त्यानं पट्टी ठेवून मोजमाप घेतलं तेव्हा माझे डोळे भरून आले. अपमानानं की व्यावसायिक आदरानं, ते अजून ठरलेलं नाही.

तर सहा विद्यार्थी. मी त्यांना ईमेल शिकवला, फोनवर ‘कोण बोलतंय?’ ऐवजी स्वतःचं नाव आधी सांगायला शिकवलं, खुर्चीत कसं बसावं ते शिकवलं. तानाजीनं बायोडाटात छंद म्हणून ‘म्हशी’ असं लिहिलं होतं. मी ते खोडून ‘वाचन’ लिहिलं, तर तो घाबरला. ‘‘सर, त्यांनी इचारलं तर? म्हशीचं मला समदं येतं. वाचनाचं काय सांगू?’’ मी परत म्हशी केल्या.

अशात प्राचार्या नम्रता मॅडमनी बातमी आणली. (मॅडमचा त्यांच्या नावाशी कधीही संबंध आलेला नाही.) धरणाकाठच्या एका रिसॉर्टला स्वागतकक्षासाठी दोन प्रशिक्षणार्थी हवे होते आणि पंधरा दिवसांत आमच्या सहा जणांच्या मुलाखती होणार होत्या. ‘‘भालेराव, कॉलेजची अब्रू तुमच्या हातात आहे,’’ त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातांकडे जरा संशयानंच बघून निघून गेल्या.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर पारू मागे थांबली. ही डोंगरावरच्या वाडीतून रोज सव्वा तास चालत उतरायची. एरवी बोलायची कमी, पण बोलली की पुढच्याला दुसरं काही सुचू नये असं बोलायची.

‘‘सर, ही नोकरी मला लागाया पायजे,’’ ती म्हणाली. ‘‘न्हाई लागली तर मामा मला पिंपरीला न्हेनार हाय, कंपनीत पॅकिंगला. मला न्हाई जायाचं. माजं घर हितं हाय, मला हितंच ऱ्हायचंय.’’

तिनं हे इतकं सरळ सांगितलं की मला ते सोपं वाटलं. मी म्हटलं, ‘‘तू फक्त मी सांगतो तसं कर.’’

आता एक्झिट. सराव म्हणून मी साहेब झालो आणि तानाजी उमेदवार. त्यानं उत्तरं बरी दिली. शेवटी उठला, ‘‘थँक्यू सर, आय ॲम कमिंग,’’ म्हणाला आणि दाराबाहेर गेला. मला वाटलं, प्रमाणपत्रं आणायला गेला असेल. मी साहेबाच्या मुद्रेनं वाट पाहत बसलो. पाच मिनिटं झाली. बारा झाली. उरलेले पाच जण वह्या आवरू लागले.

‘‘कुठे गेला हा?’’ मी शेवटी विचारलं.

‘‘घरी गेला की सर,’’ सोनल नावाची मुलगी म्हणाली. ‘‘चारची एस्टी गेली न्हवं का आत्ताच.’’

‘‘पण तो येतो म्हणाला!’’

‘‘व्हय. जाताना ‘येतो’च म्हनत्यात.’’

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हाच तो दोष! मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : जाणारा माणूस येतो म्हणत नाही. मग निघतानाचं वाक्य तयार केलं : ‘आय ॲम लीव्हिंग नाऊ, सर. थँक यू.’ दुसऱ्या दिवशी तानाजीसकट सगळ्यांकडून वीस-वीस वेळा घोकून घेतलं. पाच जण म्हणाले. पारू गप्प.

‘‘पारू, म्हण.’’

‘‘आमच्यात ‘जाते’ म्हनत न्हाईत, सर.’’

‘‘अगं, इंग्रजीत म्हणायचं आहे.’’

‘‘इंग्रजीत म्हनलं तरी मानूस जातंच की.’’ ती उठून उभी राहिली. ‘‘माजा आज्या एकदाच ‘जातो’ म्हनला, सर. म्हैस आनाया निगाला हुता. म्हैस न्हाई आली. बाजाची पेटी घिऊन आला. सतरा वर्सं झाली, आजून वाजिवतोय. समदी वाडी सोसतीय.’’

वर्ग माझ्या विरोधात गेला हे मला मागच्या बाकावरच्या माना बघूनच कळलं. घरी येऊन मी वृषालीला हकिकत सांगितली, म्हटलं, शिकलेली बाई आहे, बाजूनं बोलेल.

‘‘बरोबर आहे तिचं,’’ वृषाली म्हणाली. ‘‘तुम्ही दूध आणायला निघता तेव्हा काय म्हणता?’’

मी चिडलो. तत्त्वाचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घातल्या आणि दारातून खणखणीत आवाजात म्हणालो, ‘‘जातो!’’ स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. वृषाली पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली, तिनं शर्ट धरून मला आत ओढलं, खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं आणि पाच मिनिटं उठू दिलं नाही. शर्टवर पिठाची पाच बोटं घेऊन मी बसस्टॉपवर पोहोचलो तेव्हा बस गेलेली होती. बसला कोणी थांबवलं नव्हतं. अनिकेत गाडीतून जाताना दिसला. त्यानं काच खाली करून ‘‘काका, ब्रँडिंग छान आहे’’ असं काहीतरी म्हटलं आणि तो निघून गेला.

अशा मनःस्थितीत माणसानं वर्ग घेऊ नये. मी घेतला. सगळ्यांसमोर पारूला म्हणालो, ‘‘वाक्य म्हणणार नसशील, तर मुलाखतीला जाऊ नकोस.’’

पारूनं माझ्याकडे पाहिलं. वही पिशवीत घातली. ‘‘बरं. येते, सर,’’ म्हणाली आणि गेली.

मी तडक वाल्मीककडे गेलो आणि यादीतून तिचं नाव काढायला सांगितलं. वाल्मीकनं रजिस्टर उघडलं. ‘‘यादीला जावक क्रमांक पडलाय. आता नाव काढायचं तर शुद्धिपत्रक काढावं लागंल. त्यावर मॅडमची सही. मॅडम दहा दिवस ट्रेनिंगला गेल्यात.’’

‘‘कसल्या ट्रेनिंगला?’’

‘‘सौजन्याच्या.’’ त्यानं कोरा कागद ओढला. ‘‘मसुदा तर करून ठेवू. कारण काय लिहू? ‘सदर उमेदवार जाते असे म्हणत नसल्याने’, असं लिहू?’’

त्यानं ते खरंच लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. तेहतीस वर्षांत मी हजारो कारणं वाचली, लिहिली, फेटाळली. इतकं मूर्ख कारण माझ्या नजरेखालून गेलं नव्हतं, आणि याच्या खाली सही माझी होणार होती. मला लाज वाटली. एक मुलगी सव्वा तास डोंगर उतरून येते, आणि मी तिला एका शब्दासाठी पिंपरीला धाडायला निघालो होतो. मी कागदाची घडी करून खिशात घातली. ‘‘राहू दे यादी आहे तशी,’’ मी म्हणालो. संध्याकाळी सोनलकरवी पारूला निरोप पाठवला, की मुलाखतीला ये. वाक्याबद्दल मात्र काही कळवलं नाही. तेवढी माघार एका दिवसात झेपणारी नव्हती.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही सात जण माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमधून रिसॉर्टवर उतरलो. तिथले मॅनेजर खन्नासाहेब दिल्लीचे. माणूस सज्जन, पण त्रासलेला. ‘‘भालेरावजी, क्या बताऊँ,’’ ते म्हणाले. ‘‘चार महीने में पाँच रिसेप्शनिस्ट. एक दिन आते हैं, ‘सर, आय ॲम लीव्हिंग.’ दूसरा आता है, ‘सर, आय ॲम लीव्हिंग.’ यह लफ्ज सुनता हूँ तो बीपी बढ़ जाता है.’’

कोणत्याही शहाण्या माणसाला इथेच उठून बाहेर जाऊन मुलांच्या कानात काही सांगावंसं वाटलं असतं. मी सहानुभूतीनं मान हलवली. त्यांनी मला कोपऱ्यात बसायची परवानगी दिली, मध्ये एक शब्दही बोलायचा नाही या अटीवर.

पहिली सोनल. उत्तरं स्वच्छ, हसू मोजकं. खन्नासाहेब खूश दिसले. ‘‘सोमवारी सकाळी आठला ट्रेनिंग सुरू होईल. एनी क्वेश्चन?’’

‘‘नो, सर. आय ॲम लीव्हिंग नाऊ, सर. थँक यू.’’

खन्नासाहेबांचं पेन थांबलं. माझी छाती अभिमानानं फुगली. दुसरा आला, तिसरी आली, चौथा आला. सगळ्यांनी वाक्य बिनचूक म्हटलं. पाचव्या तानाजीनं तर म्हशींवर सात मिनिटं उत्तम इंग्रजी बोलून शेवटी टाचा जुळवल्या आणि तो ‘‘लीव्हिंग’’ असं काही ओरडला की काचेचा ग्लास हलला. खन्नासाहेबांनी गोळी काढून पाण्याबरोबर घेतली.

तेव्हा माझी नजर त्यांच्या कागदावर गेली. समोरच्याच्या टेबलावरचा कागद उलटा वाचणं हे माझ्या नोकरीतलं एकमेव खरं कौशल्य. पाच नावं, पाचही नावांसमोर ‘लीव्हिंग’, आणि त्यावर लाल फुली.

मी उठणार तोच दार उघडलं आणि पारू आत आली. दाराबाहेर ती पुटपुटत होती ते मला ऐकू आलं होतं. ‘‘लीव्हिंग नाऊ, लीव्हिंग नाऊ.’’ पोरगी ऐनवेळी माझं ऐकणार होती! नोकरीसाठी, घरासाठी, तिनं तो शब्द उच्चारायचं ठरवलं होतं.

‘‘व्हेअर डू यू सी युवरसेल्फ इन फाइव्ह इयर्स?’’ खन्नासाहेबांनी दमलेल्या आवाजात विचारलं.

पारूनं खिडकीबाहेर पाहिलं. पाण्यापलीकडे डोंगर होता, त्याच्या खांद्यावर चार-पाच घरं. ‘‘देअर, सर,’’ ती बोट दाखवून म्हणाली. ‘‘दॅट हिल. माय हाउस.’’

खन्नासाहेबांनी पेन खाली ठेवून त्या डोंगराकडे बराच वेळ पाहिलं. मग सोमवारचं, आठचं सांगितलं आणि ‘‘एनी क्वेश्चन?’’ विचारलं. पारू उठली. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले आणि श्वास घेतला.

‘‘नो, सर. आय ॲम ली...’’

‘‘येते म्हण!’’ मी ओरडलो. खुर्चीसकट उभा राहिलो होतो, कारण खुर्चीचा हात माझ्या खिशात अडकला होता. ‘‘पारू, येते म्हण गं!’’

पारूनं डोळे उघडले. तिचा सगळा चेहरा सैल झाला. ‘‘आय ॲम कमिंग, सर,’’ ती म्हणाली.

‘‘कमिंग?’’ खन्नासाहेब पुढे वाकले. ‘‘मंडे? एट ओ’क्लॉक?’’

‘‘येस, सर. कमिंग.’’

त्यांनी तिच्या नावासमोर इतकी मोठी बरोबरची खूण केली की ती तानाजीच्या नावावरून गेली. पारू बाहेर पडली. खन्नासाहेब माझ्याकडे वळले. ‘‘आप चिल्लाए क्यों?’’

मग मी सगळं सांगितलं. मी, तेहतीस वर्षं एकही चूक कबूल न केलेला माणूस, खुर्ची कमरेला लटकवून उभा होतो आणि कबूल करत होतो, की या पाच जणांना लीव्हिंग मी शिकवलं, ते कुठेही लीव्ह करणार नाहीत, आमच्याकडे जाणारा येतो म्हणतो, आणि चूक मुलांची नसून वर्गाची आहे. खन्नासाहेबांना त्यातलं निम्मं कळलं. त्यांनी पाचही जणांना परत आत बोलावलं.

‘‘एक सीट बाकी है. सच बताओ, लीव्हिंग या कमिंग?’’

‘‘कमिंग, सर!’’ पाच जण एका सुरात म्हणाले. तेवढ्यात बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला, आणि पाचही जण वळून निघून गेले.

खन्नासाहेबांनी सहा चहा मागवले आणि वाट बघत बसले. मी समजावू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. ‘‘उन्होंने कहा है, आ रहे हैं.’’ चहावर साय धरली. दहाएक मिनिटांनी दार उघडलं आणि धापा टाकत तानाजी आत आला. त्याची टोपी राहिली होती.

‘‘देखा?’’ खन्नासाहेब म्हणाले. ‘‘यह लड़का बोलता है, तो आता है.’’ दुसरी जागा तानाजीला मिळाली. त्याला टोपीही मिळाली. सोनलसाठी आणि उरलेल्या तिघांसाठी आणखी कुठे विचारता येईल त्याची यादी खन्नासाहेबांनी मला करून दिली, आणि ती आता माझ्या खिशात, त्या शुद्धिपत्रकाच्या घडीत आहे.

निघताना मी त्यांचा हात हातात घेतला. थकलो होतो, खुर्ची नुकतीच सुटली होती, आणि तोंडातून जे आयुष्यभर बाहेर पडलं तेच पडलं. ‘‘आय ॲम कमिंग, सर.’’

सोमवारी सकाळी मी वाणसामानाची यादी बघत बसलो होतो, हातात पेन न घेता. सव्वाआठला फोन वाजला. एरवी त्या बाजूचा फोन म्हणजे नुसती खरखर, पण आवाज स्वच्छ होता.

‘‘गुड मॉर्निंग. धिस इज पारू स्पीकिंग फ्रॉम रिसेप्शन. मे आय स्पीक टू मिस्टर भालेराव?’’

नाव आधी. मग कुठून. मग काम. एकेक शब्द माझ्या फळ्यावरचा होता. ‘‘बोलतोय,’’ मी म्हणालो.

मग आवाज खाली आला. ‘‘सर, मीच हाय. खन्ना सायेब इचारत्यात, तुमी कमिंग म्हनला हुता, आजून कसं आला न्हाई? तवापास्नं वाट बगत्यात. तुमचा च्या गार व्हतोय.’’

मी चपला घातल्या. वृषाली स्वयंपाकघरातून बघत होती, हातांना पीठ होतंच.

‘‘येतो,’’ मी म्हणालो.

‘‘या,’’ ती म्हणाली.